पीएच.डी.चा विषय हजेरीपटात सापडतो

‘मॅडम, पीएच.डी.साठी एखादा सोपा विषय सुचवा ना!’ शिक्षणशास्त्रात संशोधन करू पाहणाऱ्या शिक्षकाचा फोन आला, की गाडी दोन मिनिटांत इथे येते. प्रवेशाच्या मुलाखती घेणाऱ्या समितीवर मी बरीच वर्षं बसले आणि माझं मत पक्कं झालं: ज्याला विषय मागावा लागतो, त्याने फॉर्म भरायची घाई करू नये. पात्रता, परीक्षा, कागदपत्रं हे सगळं जमून जातं. घोडं अडतं ते प्रश्नापाशी.

नियमांचं आधी उरकून घेऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ची नियमावली पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण मागते. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना त्यात ५ टक्क्यांची सूट आहे. आपल्या विषयात ही पदवी म्हणजे सहसा एम.एड. किंवा एम.ए. शिक्षणशास्त्र. २०२४-२५पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. जेआरएफ मिळाली तर मुलाखतीवर प्रवेश; बाकीच्यांसाठी नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भारांश, आणि हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. विद्यापीठाची स्वतःची पेट असेल, तर तिच्यात निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीचे असतात. एम.एड. होऊन दहा-बारा वर्षं झालेले शिक्षक इथेच गारद होतात. प्रमाण विचलन, सहसंबंध वगैरे पुन्हा काढून बसावंच लागतं. घरबसल्या ऑनलाइन पीएच.डी. देतो म्हणणारा भेटला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. ती चालत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येते. ‘अमुक तालुक्यातील इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांमध्ये तमुक कौशल्य विकसित करण्यासाठी कार्यक्रमाची निर्मिती व त्याच्या परिणामकारकतेचा अभ्यास.’ या साच्यातले आराखडे मी गठ्ठ्याने वाचले आहेत. पूर्वचाचणी घ्यायची, थोडे दिवस कार्यक्रम राबवायचा, उत्तरचाचणी घ्यायची, टी-मूल्य काढायचं. कार्यक्रम परिणामकारक ठरतोच! जी गोष्ट मुलांना शिकवली तीच लगेच विचारली, तर दुसरं काय होणार? संशोधकाची बदली झाल्यावर तो कार्यक्रम त्याच शाळेत पुन्हा कुणी वापरला का, हे मात्र कोणी तपासत नाही.

याच्या उलट एक उमेदवार आठवतो. बीड जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळेतले गुरुजी. मुलाखतीला येताना त्यांनी हजेरीपटाच्या झेरॉक्स आणल्या होत्या. दिवाळीच्या आगेमागे एकेका नावापुढे गैरहजेरीची रांग सुरू होत होती आणि ती थेट मार्च-एप्रिलपर्यंत जात होती. आईबाप ऊसतोडीला गेलेले, मुलं त्यांच्याबरोबर फडावर. पण त्याच वर्गातली काही मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहून शाळेत येत होती. गुरुजींना या दोन गटांची तुलना करायची होती. समितीतल्या एका सरांनी जरा खोचकपणेच विचारलं, ‘तुमची परिकल्पना काय?’ गुरुजी म्हणाले, ‘सर, माझा अंदाज आहे की फडावर गेलेली पोरं वाचन विसरत नाहीत, हातच्याची वजाबाकी विसरतात.’

परिकल्पना याहून नेमकी कशी असते? मोजता येणारं, खोटं ठरू शकेल असं विधान होतं ते. पुढची चर्चा मग कामाची झाली. चाचणी जाण्याआधी एक, परतल्यावर एक आणि पुढच्या दिवाळीआधी तिसरी घ्यावी, म्हणजे विसरलेलं भरून येतं का तेही कळेल. मधेच शाळा सोडणाऱ्या मुलांचं काय करायचं. मुळात ही दोन्ही प्रकारची घरं सारखी आहेत का. त्यांची संशोधनाची परिभाषा कच्ची होती, पण ती कोर्सवर्कमध्ये शिकता येते.

मार्गदर्शक निवडतानाही लोक ‘गाईड कडक आहे का’ एवढंच विचारतात. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून आधी रिकाम्या जागांची यादी पाहा. मग गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेल्या ‘शोधगंगा’वर त्या मार्गदर्शकाच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा. फुकट वाचता येतात. मी तर निष्कर्षांचं प्रकरण आधी वाचते. मार्गदर्शकाने किती लक्ष घातलंय ते तिथे लपत नाही. विज्ञान किंवा गणिताच्या अध्यापनावर काम करायचं असेल, तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रही पाहावं. तिथल्या प्रवेशाची रीत वेगळी आहे.

मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत. ती सवलत माझ्या विद्यार्थिनींना मागायला संकोच वाटायचा. का वाटावा?

तयार सिनॉप्सिस विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. मुलाखतीतल्या दुसऱ्या प्रश्नाला ते उघडं पडतं. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करणार असाल, तर संस्थेकडे ना-हरकत प्रमाणपत्राचा अर्ज आत्ताच टाका. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं केलं जाईल. हा कागद नसेल तर अर्धवेळ प्रवेश मिळत नाही.