‘नामायकुश’ हा शब्द लॅटिन नाही

प्राण्याचे शास्त्रीय नाव म्हटले की ते लॅटिन नाहीतर ग्रीक असणार, असे आपण धरूनच चालतो. उत्तर अमेरिकेच्या थंड, खोल सरोवरांतल्या ‘लेक ट्राउट’ या गोड्या पाण्यातल्या माशाने हा समज खोटा ठरवला आहे. त्याचे शास्त्रीय नाव साल्व्हेलिनस नामायकुश. त्यापैकी ‘नामायकुश’ हा शब्द क्री आणि ओजिब्वे या मूलनिवासी लोकांच्या बोलीतून आला. ओजिब्वे भाषेत हा मासा आजही ‘नमेगोस’च आहे. दोन्ही भाषा अल्गाँक्वियन कुळातल्या, म्हणून शब्दांत हे साम्य. दुसरा समज असा, की माशाचा शोध युरोपीय शास्त्रज्ञाने लावला आणि नावही त्यानेच ठेवले. १७९२ मध्ये जर्मनीतल्या ल्युबेकचे वैद्य योहान वालबाउम यांनी आपल्या ग्रंथात ही जात नोंदवली खरी, पण ती ब्रिटिश निसर्गअभ्यासक थॉमस पेनंट यांच्या वर्णनावरून, आणि त्या वर्णनात मूलनिवासींचा शब्द आधीच होता. हा योगायोग म्हणावा, तर त्याच ग्रंथात वालबाउम यांनी रेनबो ट्राउटलाही रशियाच्या कामचाटकातल्या स्थानिक नावावरून ‘मिकिस’ हे नाव दिले आहे. हिमाचल-काश्मीरमध्ये आज पाळला जातो तो हाच रेनबो ट्राउट.

गंमत अशी, की फसवे नाव आहे ते इंग्रजी. लेक ट्राउट खऱ्या अर्थाने ट्राउट नाही, तो ‘चार’ (इंग्रजीत char) या माशांच्या गटातला आहे. ब्राउन ट्राउट या खऱ्या ट्राउटच्या फिकट अंगावर गडद ठिपके असतात; लेक ट्राउटच्या गडद अंगावर फिकट. यावर कोणी म्हणेल, परक्यांनी कानावर पडेल तसा मोडतोड करून लिहिलेला शब्द, त्यात मूलनिवासींचा कसला मान? आक्षेप रास्त आहे. शब्द घेतला म्हणून हिरावलेल्या जमिनी परत मिळत नाहीत. पण मान आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला आधीपासून नाव आहे, त्याला आधीपासून ओळखणारी माणसेही असतात, एवढे हा शब्द निर्विवाद सांगतो. शिवाय जातीचे सर्वांत जुने ग्राह्य नाव टिकवायचे, असा प्राणिशास्त्राचा नियम आहे. वालबाउम यांनी हा मासा ‘साल्मो’ प्रजातीत घातला होता. पुढे संशोधकांनी तो ‘साल्व्हेलिनस’मध्ये हलवला. नावाचा युरोपीय अर्धा भाग असा बदलला. ‘नामायकुश’ मात्र १७९२ पासून आहे तिथेच आहे.