आधीं गाणें, मागून गाणारा

अकोले तालुक्यांतील राजूर हें सह्याद्रीच्या कुशींतलें, भंडारदऱ्याच्या वाटेवरचें बाजारपेठेचें गांव. तेथील डांगी जनावरांचें प्रदर्शन पंचक्रोशींत प्रसिद्ध आहे. संगमनेर तेथून फार लांब नाहीं. आणि दक्षिणेकडचे डोंगर ओलांडले कीं जुन्नर तालुका लागतो. त्या तालुक्यांतलें नारायणगांव म्हणजे तमाशाच्या फडांचें माहेरघर. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथें फडांच्या राहुट्या पडतात, आणि गांवोगांवचे पंच येऊन आपापल्या जत्रेची सुपारी देऊन जातात. ख्यातनाम कलावती कांताबाई सातारकर ह्यांचें वास्तव्य तर संगमनेरासच होतें; २०२१ सालीं त्या तेथेंच निवर्तल्या.

ह्या मुलुखांत मनुष्याच्या आयुष्यांतला पहिला जलसा बहुधा कनातींतला असतो. बापाच्या खांद्यावर बसून किंवा थोरल्या भावाचें बोट धरून मूल तेथें जातें, आणि पहिल्या प्रथम पाहतें तें गाणाऱ्याला. ढोलकीवाल्याच्या मनगटाची उसळी, हलगीची कडकड, गण आणि गौळण आटोपेपर्यंत तापत गेलेली रात्र, सोंगाड्याच्या एका शब्दानें हंशांत बुडालेली गर्दी, हें सारें त्याच्या आधीं डोळ्यांत आणि मग कानांत शिरतें. तबकडी किंवा फीत पुढें केव्हां तरी हातीं येते ती आठवणीला आधार म्हणून. आधीं गाणारा, मागून गाण्याची छबी, असा हा क्रम आहे. आणि मनुष्यजातीनें हजारों वर्षें संगीत ह्याच क्रमानें ऐकलें आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई-पुण्याच्या कांहीं तरुणांच्या बाबतींत हा क्रम अगदीं उलटा झाला. ते ज्या संगीतानें वेडे झाले तें संगीत त्यांच्या घरांत आलें, पण तें गाणारा मनुष्य वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षें त्यांच्या दृष्टीस पडला नाहीं. तें संगीत म्हणजे ‘रॉक’. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज आणि ऱ्हिदम-अँड-ब्लूज ह्या गायनप्रकारांतून तें १९५० नंतरच्या दशकांत जन्मलें. विजेची गिटार, बास गिटार आणि ढोलांचा ताफा हीं त्याची मुख्य वाद्यें, आणि तालाचा दणका हा त्याचा प्राण. चक बेरी आणि एल्व्हिस प्रेस्ली ह्यांनीं तें अमेरिकेंत गाजविलें. १९६२ पासून बीटल्स ह्या चौघा इंग्रज तरुणांनीं तें जगभर नेलें.

येथें एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हिंदी चित्रपटांत ह्या तालाची नस प्रथम ज्यांनीं ओळखली त्यांत राजूरच्याच जिल्ह्यांतला एक पुत्र अग्रभागीं होता. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतदिग्दर्शक सी. रामचंद्र, ह्यांचा जन्म १९१८ सालीं पुणतांब्याचा. चिक चॉकलेट ह्या नांवानें प्रसिद्ध असलेले गोमंतकीय तुतारीवादक आंतोनियो झेवियर वाझ ह्यांच्यासारखे जाझचे वादक त्यांनीं हाताशीं धरले. १९५७ च्या ‘आशा’ ह्या चित्रपटांत त्यांनीं जें एक निरर्थक अक्षरांचें, धांवत्या तालाचें गाणें केलें आणि किशोरकुमार व आशा भोसले ह्यांजकडून निरनिराळें गाऊन घेतलें, तें हिंदींतल्या आरंभीच्या रॉक-अँड-रोल गाण्यांत गणलें जातें. ज्यांनीं प्रेस्लीचें नांवही ऐकलें नव्हतें अशा लक्षावधि लोकांच्या पायांना हा ठेका त्या गाण्यानें लावला. परंतु तेंही चित्रपटाच्या पडद्यावरून आलें. वाजविणारे पडद्यामागेंच राहिले.

मूळ इंग्रजी गाणीं आलीं तीं आकाशमार्गानें. १९५२ सालीं केंद्रीय नभोवाणीमंत्रिपदावर आलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर ह्यांनीं आकाशवाणीवरून चित्रपटगीतांचें जवळजवळ उच्चाटन केलें. शास्त्रीय संगीताचे ते कळकळीचे पुरस्कर्ते होते, हेतुही शुद्ध होता. पण परिणाम असा झाला कीं घरोघरच्या रेडिओचा कांटा रेडिओ सिलोनकडे वळला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविध भारती सुरू झाली तोंवर ती संवय हाडीं खिळली होती. सिलोनवर हिंदी ‘बिनाका गीतमाला’ होती, तशी तिच्या आधींपासून इंग्रजी ‘बिनाका हिट परेड’ही होती. चाळीच्या गच्चीवर तार ताणून जो मुलगा लता मंगेशकरांच्या गाण्याची वाट पाहत असे, त्याच्या कानावर अशा रीतीनें लिव्हरपूलही पडलें.

मात्र त्याच्या कानावर नेमकें काय पडत होतें, हें पाहिलें पाहिजे. कारण पहिल्या जलशाच्या आठवणी इतक्या तीव्र कां असतात ह्याचें उत्तर तेथेंच आहे. बास गिटारीची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारें ४१ कंपनें करते. हातांत मावणाऱ्या ट्रान्झिस्टरचा लहानसा ध्वनिक्षेपक दोनशें कंपनांच्या खालचा ध्वनि जेमतेमच काढूं शकतो. दुसऱ्या टोकाला, लघुलहरींवरील प्रक्षेपणांत पांच हजार कंपनांच्या वरचा बहुतेक भाग गाळला जातो, म्हणजे झांजांची झळाळी गेली. शिवाय लहरींची भरती-ओहोटी आणि खरखर आहेच. मनुष्याचा कान मोठा चतुर. वरच्या उपस्वरांवरून तो न ऐकूं येणारा खालचा स्वर ताडून घेतो. त्यामुळें चाल समजे, शब्द अर्धेमुर्धे समजत, आणि आपण पूर्ण गाणें ऐकिलें असें ऐकणाऱ्यास वाटे. प्रत्यक्षांत गाण्याचें वजन त्याच्यापर्यंत पोंचलेलेंच नसे. गिरगांवांत किंवा सदाशिव पेठेंत वडील मंडळी ह्या संगीतास ‘नुसता गोंगाट’ म्हणत, तेव्हां त्या बिचाऱ्यांनींही तो गोंगाट कधीं धड ऐकिलेला नव्हता!

गाणारा दिसत नाहीं म्हटल्यावर षौकीनानें त्याची उणीव दुसऱ्या उपायांनीं भरून काढली. रेडिओवरून शब्द वहींत उतरून घ्यावयाचे, पुढच्या आठवड्यांत गाळलेल्या जागा भरावयाच्या, आणि तरी जें राहील तें स्वतःच्या कल्पनेनें जुळवावयाचें. अशा चुकीच्या पाठांतरावर कित्येकांनीं उभी जवानी काढली. कलकत्त्याहून ‘ज्युनिअर स्टेट्समन’ हें तरुणांचें नियतकालिक १९६७ पासून १९७७ पर्यंत निघत असे. त्यांतील मोठीं चित्रें कापून भिंतीवर लागत. परदेशाहून परतणाऱ्या आप्ताकडून एखादी तबकडी येई आणि ती मित्रमंडळींत फिरून फिरून झिजून जाई. तबकडीच्या वेष्टनावरील बारीक अक्षरें वादकाच्या नांवापासून ध्वनिलेखकाच्या नांवापर्यंत तोंडपाठ असत. हा चाहता प्रेक्षक कमी आणि वाचक अधिक होता. तमाशाच्या रसिकास ढोलकीवाल्याचा हात ठाऊक असतो. ह्याला गिटारवाल्याचा वाढदिवस ठाऊक असे.

बीटल्सपैकीं जॉर्ज हॅरिसन मुंबईस आले, तेही गाण्यासाठीं नव्हे. १९६६ च्या सप्टेंबरांत पंडित रविशंकरांजवळ सतार शिकण्याकरितां ते ताजमहाल हॉटेलांत उतरले. बातमी फुटून गर्दी जमली, आणि शेवटीं गुरुशिष्यांना काश्मीर गांठावें लागलें. १९६८ च्या जानेवारींत ते पुन्हां आले आणि फोर्टमधील एच्.एम्.व्ही.च्या ध्वनिमुद्रणगृहांत हिंदी वादकांना घेऊन त्यांनीं ‘वंडरवॉल’ ह्या चित्रपटाचें संगीत मुद्रित केलें. त्या वादकांत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया हे होते. म्हणजे ज्याच्या तबकडीसाठीं मुंबईचे तरुण झुरत होते तो त्यांच्याच शहरांत बसून तबकडी करीत होता, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता. १९७२ सालीं लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट ह्यांनीं कुलाब्यांतील ‘स्लिप डिस्क’ ह्या लहानशा नृत्यगृहांत अवचित वाजविलें. त्या रात्रीं तेथें असलेल्यांची संख्या मूठभर; तेथें होतों असें पुढें सांगणाऱ्यांची संख्या मात्र वर्षागणिक वाढत गेली असल्यास नवल नाहीं.

दरम्यान येथल्या मुलांनीं स्वतःच गिटारी उचलल्या होत्या. मुंबईंत ‘सॅव्हेजेस’सारखे बँड निघाले. एका सिगारेट कंपनीनें आपल्या मालाच्या जाहिरातीसाठीं भरविलेल्या ‘सिमला बीट’ ह्या स्पर्धेमुळें किंग्ज सर्कलच्या षण्मुखानंद सभागृहांत देशोदेशींचे नव्हे तरी प्रांतोप्रांतींचे बँड उतरले, आणि १९७० व १९७१ च्या स्पर्धांतील गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या. १९७१ मध्येंच मळवलीला ‘स्नेहयात्रा’ ह्या नांवानें उघड्या माळावर एक संगीतमेळावा भरला. एरवीं कार्ल्याभाज्याचीं लेणीं पाहणारे जेथें उतरतात, त्या स्टेशनावर लांब केसांचीं मुलें आणि त्यांच्या गिटारी उतरल्या. हे बँड बहुधा परक्यांचीं गाणीं हुबेहूब वाजवीत, आणि ऐकणाऱ्यांचाही आग्रह तोच असे. ह्याला नक्कल म्हणून हिणविणें सोपें आहे. पण ज्याला मूळ गाणारा दिसणेंच शक्य नव्हतें, त्याच्यासाठीं ही नक्कल म्हणजे गणपति येईपर्यंत पुजलेली सुपारी होती.

पुढें धोबीतलावाजवळचें रंगभवन हें खुलें नाट्यगृह ह्या मंडळींचें ठाणें झालें. १९७८ सालीं तेथें पहिली ‘जाझ यात्रा’ झाली आणि सॅक्सोफोनचे थोर वादक सॉनी रोलिन्स तेथें वाजवून गेले. मग १९८० चा मार्च उजाडला. ‘पोलिस’ हा इंग्रज बँड, स्टिंग, अँडी समर्स आणि स्ट्युअर्ट कोपलंड हे तिघे, जगाच्या दौऱ्यावर असतां मुंबईस आले आणि रंगभवनांत गाऊन गेले. निमंत्रण कोणाचें? ‘टाइम अँड टॅलंट्स क्लब’ ह्या धर्मादाय कार्य करणाऱ्या प्रतिष्ठित स्त्रियांच्या मंडळाचें! ह्या जलशाचें महत्त्व गर्दींत नाहीं. त्या तिघांची पहिली मोठी तबकडी १९७८ सालची, म्हणजे अवघ्या दोन वर्षांची होती. ऐन भरांतला बँड, त्याचीं गाणीं जगांत गाजत असतांनाच, मुंबईकरांसमोर उभा राहिला. गाणें आणि गाणारा ह्यांच्यांतलें अंतर एकाएकीं मिटलें.

अशा पहिल्या रात्रीच्या आठवणी सांगतांना लोक सुरांविषयीं फारसें बोलत नाहींत. ते सांगतात छातीविषयीं. साधें संभाषण साठ डेसिबलच्या आसपास असतें. रॉकच्या मंचासमोर शंभरावर आंकडा जातो. डेसिबलचें माप असें कीं दर दहा अंशांस ध्वनीची शक्ति दहापट होते. म्हणजे हा दणका बोलण्याच्या दहा हजारपट. त्यांतले खालचे स्वर कानांबरोबर बरगड्यांनाही जाणवतात. वर्षानुवर्षें ट्रान्झिस्टरवर चाळणींतून गाळलेलें गाणें ऐकिलेल्या मनुष्यास तें प्रथमच सगळें मिळे. शब्द, चाल, सारें पाठ असूनही गाणें नवें वाटे. दुसऱ्या दिवशीं कानांत शीळ वाजत राही. वैद्यकदृष्ट्या ती श्रवणेंद्रियाची तक्रार. चाहते मात्र ती पदकासारखी मिरवीत. आणि शेजारीं उभा असलेला अपरिचित मनुष्य तीच वही, तेच चुकीचे शब्द घेऊन आलेला आहे, हा शोध तर सर्वांत मोठा.

सगळ्यांचा क्रम असा लौकर जुळला नाहीं. रोलिंग स्टोन्सची पहिली तबकडी १९६३ ची. ते मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर गायिले ७ एप्रिल २००३ रोजीं. मधल्या चाळीस वर्षांत वहींत शब्द उतरविणाऱ्या मुलाचे केस पांढरे झाले होते, आणि कित्येकजण स्वतःच्या मुलांना घेऊन आले. मायकेल जॅक्सन ह्यांचा अंधेरीचा जलसा १ नोव्हेंबर १९९६ चा. विमानतळावर नऊवारी नेसलेल्या सोनाली बेंद्रे ह्यांनीं त्यांना ओवाळलें, आणि करमणूककराच्या माफीवरून पुढें वर्षानुवर्षें वाद चालला. यू टू हा आयरिश बँड तर नव्या मुंबईंत २०१९ च्या डिसेंबरांत आला, आणि त्यानें गायिली १९८७ सालची तबकडी. पण ह्या अवाढव्य मैदानी जलशांत गाणारा बोटभर दिसतो. त्याचा चेहरा पाहावयाचा तो पुन्हां पडद्यावरच.

रंगभवन मात्र राहिलें नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा मेळा ऑगस्टांत तेथें भरूं लागला होता. ‘रॉक मशीन’सारखे, परक्यांचीं गाणीं सोडून स्वतःचीं रचणारे बँड त्याच मंचावर वाढले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रुग्णालयें, शाळा आणि न्यायालयें ह्यांच्या भोंवतालचा शंभर मीटरांचा प्रदेश शांतताक्षेत्र मानला. रंगभवनाच्या एका अंगाला सेंट झेवियर महाविद्यालय, जवळच कामा आणि गोकुळदास तेजपाल हीं रुग्णालयें. रोग्यांच्या बाजूनें पाहतां नियम न्याय्यच आहे. पण शहराच्या मध्यभागीं, हातभर अंतरावरून बँड ऐकण्याची ती जागा मुकी झाली.

तेच नियम रात्रीं दहा ते सकाळीं सहा ह्या वेळांत उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई करतात. वर्षांतून फार तर पंधरा दिवस सरकारला ती मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवितां येते. शहरांत सायंकाळीं सहाला सुरू होणारा जलसा त्यांत बसतो. जत्रेंतला तमाशा बसत नाहीं. शेतकरी जेवूनखाऊन, जनावरांना वैरण टाकून कनातीकडे वळतो तोंच नऊ वाजतात. गण, गौळण, बतावणी होईतों दहाचा ठोका पडतो, आणि ज्याच्यासाठीं लोक दुरून आलेले असतात तो वग, जो पूर्वीं पहांटेपर्यंत रंगे, तो उरकून घ्यावा लागतो. वेळेची सवलत मिळावी म्हणून फडमालकांचीं गाऱ्हाणीं सरकारदरबारीं वारंवार जात आलीं आहेत.