नव्या मोबाईलची तण्हा

अशोक विजयादशमीपासून दिवाळीपर्यंत मोबाईलच्या दुकानात हप्त्यावर फोन घेणाऱ्यांची गर्दी असते. त्यातल्या अनेकांच्या खिशात चालू स्थितीतला फोन असतो. काहींचे तर त्या जुन्या फोनचेच हप्ते फिटलेले नसतात. हा विषय आरोग्याच्या पानावर कशाला, असे वाटेल. पण हप्त्याचा पैसा घरात बहुतेक वेळा जेवणातून आणि औषधातून निघतो, म्हणून तो इथे घेतला आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. फोन ही आज चैन राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशनची ई-केवायसी, बँक, डिलिव्हरीचे काम, सगळे त्यावरच चालते. आहे त्यात समाधान माना, असा उपदेश आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवला गेला आणि तो ऐकवणारे स्वतः मजेत राहिले. बुद्धाने गरिबीला धन्य म्हटलेले नाही, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात नोंदवले आहे. तेव्हा गरजेचा फोन जरूर घ्यावा. गरज भागल्यावरही जी ओढ थांबत नाही, तिला पालीत तण्हा म्हणतात. आपला ‘तहान’ हा शब्द त्याच कुळातला.

ही तहान पाण्याने का भागत नाही, याचे उत्तर मेंदूत आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले. खूण दाखवायची आणि मग फळांचा रस द्यायचा. सुरुवातीला रस मिळाल्यावर माकडाच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी उसळत. सवय झाल्यावर त्या नुसती खूण दिसली की उसळू लागल्या. प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हा विशेष काही घडेना. आपल्याकडे ती खूण म्हणजे जाहिरात, खोका उघडून दाखवणारा व्हिडिओ, ‘शेवटचे दोन तास’ असे सांगणारे घड्याळ. सर्वात जास्त उत्साह फोन हातात येण्याआधी असतो. आल्यावर थोड्याच दिवसांत तो नेहमीचा होतो आणि नजर पुढच्या मॉडेलवर जाते. यात पोराचा स्वभाव वाईट नाही. त्याच्या मेंदूची ही रीत ओळखूनच बाजार मांडलेला आहे.

आता हिशेब. महिना दोन हजारांचा हप्ता म्हणजे रोजचे सुमारे ६६ रुपये. तेवढ्यात अर्धा लिटर दूध आणि चार अंडी येतात. हप्त्याच्या तारखेला ताण आला की पहिल्यांदा हेच बंद होते, मग आजीची रक्तदाबाची गोळी ‘एक दिवसाआड’ होते. ही गोळी अशी तोडून चालत नाही. दाब वाढतो आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. घरापासून लपवलेले कर्ज झोपही उडवते. अपुऱ्या झोपेने दाब आणि साखर दोन्ही आटोक्यात ठेवणे कठीण जाते.

‘बिनव्याजी हप्ता’ या शब्दाला भुलू नका. शून्य टक्के व्याज असे काही नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. ते व्याज प्रक्रिया शुल्कात लपते, नाहीतर रोखीत मिळाली असती ती सवलत तुम्हाला मिळत नाही. दुकानदाराला एकच विचारा: आज सगळे पैसे दिले तर किती घ्याल?

फोन ‘हँग’ होतो म्हणून बदलायचा असेल तर आधी तो तपासा. बहुतेक वेळा जागा भरलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवरचे शुभेच्छांचे व्हिडिओ पुसले तरी फरक पडतो. बॅटरीही थकते. तिची शक्ती घटली की आपण जुने आयफोन मुद्दाम मंद करतो, हे अ‍ॅपलने २०१७ मध्ये स्वतः मान्य केले आणि पुढे बॅटरी बदलण्याचा दर कमी केला. किती जणांनी त्याआधी नवा फोन घेतला असेल! बॅटरी फुगली असेल तर मात्र थांबू नका, चार्जिंग बंद करून ती बदलून घ्या. सुरक्षेचे अपडेट बंद झाले, बँकेचे अ‍ॅप चालेना, तर नवा फोन ही खरी गरज आहे.

बाकी वेळी कागदावर फोनचे नाव आणि तारीख लिहून महिनाभर थांबा. मधे ओढ उसळली की आनापानासारखे पाच मिनिटे श्वासाकडे लक्ष द्या. ओढ लाटेसारखी चढते आणि उतरते, हे स्वतःच पाहायला मिळेल. जुना फोन विकत घेताना *#०६# दाबून आलेला आयएमईआय क्रमांक ‘संचार साथी’च्या संकेतस्थळावर तपासा, चोरीचा फोन गळ्यात पडायला नको.

घरात कोणी कर्जावर कर्ज काढत असेल, झोपत नसेल, ‘आता काही अर्थ नाही’ असे बोलत असेल, तर त्याला टोमणे मारू नका. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.