गाडी उचलण्याआधी जमीन पाहा

दसऱ्याला झेंडूची माळ घालून गाडीची पूजा होते आणि दिवाळीच्या सुट्टीत तीच गाडी घरच्या घरी नीट करायची हौस अनेकांना येते. नांदेड-लातूरकडे त्याला कारणही असते. लोहा, अहमदपूर, चाकूरच्या रस्त्यावरून पावसाळ्यात शेताकडे वळलेल्या गाडीच्या चाकांमागे काळ्या मातीचा चिखल थापला जातो आणि वाळला की खरवडल्याशिवाय निघत नाही. तो काढणे, ब्रेक पॅड किती झिजले ते पाहणे, टायर मागचे पुढे करणे ही कामे घरी होण्यासारखी आहेत. त्यासाठी गाडी उचलावी लागते आणि खरा धोका तिथे असतो. आपल्या भागात तो बहुतेक वेळा जॅकच्याही खाली, जमिनीत दडलेला असतो.

जमिनीची पारख

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. वरून टणक वाटणाऱ्या अंगणात जॅक हळूहळू एका बाजूला रुतत जातो, आणि गाडी वर गेल्याशिवाय ते लक्षात येत नाही. घरापुढची शहाबादी फरशी पायाखाली भक्कम वाटते. पण ती मुरूम-वाळूच्या थरावर बसवलेली असते आणि मध्ये पोकळी राहिली असेल तर एका जागी भार येताच तडकते. पेव्हर ब्लॉकचा एखादाच ठोकळा खचून तिरका होतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा डांबरही मऊ पडते.

हिशेब करून पाहा. ११०० किलोच्या, पुढे इंजिन असलेल्या गाडीचा साधारण ६० टक्के भार पुढच्या चाकांवर असतो. म्हणजे पुढच्या एका कोपऱ्याला सुमारे ३३० किलो. उचललेल्या गाडीला टेकू देणाऱ्या स्टँडचे चार पाय मिळून जमिनीला ४० चौरस सेंटिमीटर टेकत असतील, तर दर चौरस सेंटिमीटरवर आठ किलोहून जास्त दाब येतो. त्याखाली ३० बाय ३० सेंटिमीटरची जाड, न वाकणारी फळी किंवा लोखंडी प्लेट ठेवली की तोच दाब अर्ध्या किलोच्याही खाली येतो. तरीही उत्तम जागा एकच, सपाट आणि पक्का सिमेंट काँक्रीटचा कोबा. उतारावर किंवा उघड्या मातीवर गाडीखाली शिरायचे काम करूच नये.

बुटक्या गाडीची अडचण

भारतीय रस्ते परिषदेच्या मानकात गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर धरलेली आहे. खरी स्पोर्ट्स कार जमिनीपासून जेमतेम ११ ते १३ सेंटिमीटर उंच असते, म्हणून आपल्याकडे ती क्वचितच दिसते. मोटार डिझायनर दिलीप छाब्रिया यांनी २०१२च्या ऑटो एक्स्पोमध्ये मांडलेल्या ‘डीसी अवंती’ या स्पोर्ट्स कारची जमिनीपासूनची उंची आपले रस्ते ओळखून जास्त ठेवली होती. लातूर-नांदेडची, म्हणजे एमएच २४ किंवा एमएच २६ची पाटी लावलेल्या गाड्यांत बुटकी म्हणजे जुनी सेडान, किंवा स्प्रिंग बदलून खाली बसवलेली गाडी.

अशा गाडीखाली साधा ट्रॉली जॅक शिरत नाही, कारण तो पूर्ण खाली असतानाही साधारण १३-१४ सेंटिमीटर उंच असतो. जॅक शिरला तरी त्याचा दांडा बंपरला अडतो. उपाय दोन. बुटक्या गाड्यांसाठीचा, आठ-नऊ सेंटिमीटर उंचीचा जॅक घ्यावा. किंवा आधी पुढची चाके दोन इंच जाडीच्या रुंद सागवानी फळ्यांवर चढवावीत. मधल्या उंचीसाठी विटा रचू नयेत.

जॅक टेकवायची जागा गाडीच्या पुस्तिकेतच पाहावी. बहुतेक गाड्यांत ती दाराखालच्या पत्र्याच्या दुमडीवर, दोन खाचांच्या मध्ये असते. तिथे खाच असलेला रबरी ठोकळा वापरावा. इलेक्ट्रिक गाडीत तळाला बॅटरी असते, तिला जॅक चुकूनही लावू नये. ‘अवंती’सारख्या, मध्यभागी इंजिन असलेल्या गाडीत भार मागे झुकतो, म्हणून तोलाचा अंदाज बदलतो.

उचलण्याचा क्रम

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करावेत. गाडी वर गेल्यावर घट्ट नटाशी झटापट केली, की तोच झटका गाडीला स्टँडवरून ढकलतो. हँडब्रेक ओढावा, पहिला गिअर टाकावा आणि न उचललेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर लावावी.

पाचर का, हे समजून घ्यायला हवे. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागची चाके धरतो आणि आपल्याकडच्या बहुसंख्य छोट्या गाड्यांत गिअर पुढची. मागचा भाग उचलला की हँडब्रेक निरुपयोगी ठरतो. पुढचा उचलला की गिअर.

ट्रॉली जॅकचा हात कमानीत वर जातो, त्यामुळे गाडी उचलताना जॅकला स्वतः थोडे सरकावे लागते. खडी, माती किंवा फरशीच्या सांध्यात चाके अडकली की वरचे टोक गाडीवरून घसरते. जमीन आधी झाडून घ्यायची ती यासाठी.

जॅक उचलतो, स्टँड धरतो

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हे पास्कलचे तत्त्व. जोसेफ ब्रामाने १७९५मध्ये त्यावर प्रेस बनवली आणि न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने १८५१मध्ये हायड्रॉलिक जॅकचे पेटंट घेतले. या तत्त्वाने हाताच्या ताकदीत गाडी उचलली जाते. पण ती वर राहते ती एका रबरी सीलच्या आणि लहानशा व्हॉल्व्हच्या भरवशावर. सील फाटले की गाडी खाली येते. म्हणून गाडीखाली जाण्यापूर्वी ती दोन स्टँडवर उतरवावी, हाताने हलवून पाहावी, काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवावे आणि जॅकही हलका टेकवून ठेवावा.

स्टँडही पारखून घ्यावेत. अनेकांवर लिहिलेली क्षमता एकाची नसून जोडीची असते. २०२०मध्ये अमेरिकेत तीन आणि सहा टनी स्टँड मोठ्या संख्येने परत मागवावे लागले, कारण दातांत अडकणारी खुंटी सुटू शकत होती. म्हणून भार देण्यापूर्वी खुंटी दातात पूर्ण बसली का, ते डोळ्यांनी पाहावे. पोकळ सिमेंट ब्लॉक सूचना न देता फुटतो. त्यावर गाडी ठेवणे म्हणजे जीव धोक्यात घालणे.

एकट्याने गाडीखाली जाऊ नये आणि मुलांना जवळ फिरकू देऊ नये. गाडीखाली कुणी अडकलेच, तर त्याला ओढू नका. जॅकने गाडी उचला आणि १०८ला फोन करा. क्लच आणि गिअरबॉक्सची कामे मात्र लिफ्ट असलेल्या गॅरेजवरच सोपवावीत.

या दिवाळीत गाडीला नवे सीट कव्हर घेण्याआधी स्टँडची एक जोडी, दोन जाड फळ्या आणि चार पाचरी घ्या. त्या घरात येईपर्यंत गाडीखाली जाऊ नका.