गुणपत्रिकेत नसलेली महापालिका

२०२१ च्या सुरुवातीला एकाच देशाबद्दल तीन निकाल आले. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटने भारताला ‘सदोष लोकशाही’ म्हटलं, वॉशिंग्टनच्या फ्रीडम हाऊसने ‘मुक्त’वरून ‘अंशतः मुक्त’ गटात उतरवलं आणि स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या व्ही-डेमने ‘निवडणूकाधारित एकाधिकारशाही’चा शिक्का मारला.

केंद्र सरकार अर्थातच चिडलं. २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेसाठी संजीव सन्याल आणि आकांक्षा अरोरा यांनी निबंध लिहिला. मोजक्या तज्ज्ञांच्या मतांवर गुण ठरतात, मग आजचा भारत आणीबाणीच्या रांगेत कसा बसतो, असा त्यांचा सवाल. तो उडवून लावण्यासारखा नाही. आणीबाणीत विरोधी नेते तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, लोकसभेची मुदतही वाढवली होती. अँड्र्यू लिटल आणि ॲन मेंग या अमेरिकी अभ्यासकांनीही दाखवलं, की सत्ताधारी निवडणूक हरतात का, अशा ठोस कसोट्या लावल्या तर जगभरची घसरण फारशी दिसत नाही. पण संपादकाने धास्तीपोटी न छापलेली बातमी कुठल्या कसोटीत पकडणार? तिथे जाणकाराला विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

या वादात मला सलतं ते वेगळंच. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. पुणे, ठाणे, नागपूरचीही तीच गत. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं राज्यघटनेचं कलम २४३-यू स्पष्ट सांगतं. प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाच्या कोर्टबाजीत ते कागदावरच राहिलं. मुंबईचा २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प प्रशासकानेच मांडला आणि प्रशासकानेच मंजूर केला. स्थायी समितीत नालेसफाईच्या ठेक्यावर अडून बसणारा विरोधी नगरसेवकच नव्हता. गटार तुंबलं की माणूस वॉर्ड ऑफिसात खेटे घालायचा. ज्याला मत देऊन जाब विचारावा असा माणूस तिथे कुणी नव्हता. याच मतदारांनी २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्हींसाठी रांगा लावल्या.

ही जवळजवळ चार वर्षं जगाच्या गुणपत्रिकेत शोधायची तरी कुठे? व्ही-डेमकडे स्थानिक संस्थांचा निर्देशांक आहे, पण तो वेगळा. ज्याची बातमी होते आणि ज्यावरून दिल्ली चिडते, त्या मुख्य आकड्यात तो मिळवलेला नसतो.