मुंबईतला संकल्प, विजयदुर्गातला खर्च

वाघोटनची खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे सिंधुदुर्ग जिल्ह्यातला विजयदुर्ग संपतो. एका बाजूला किल्ला, दुसरीकडे जेटी, मध्ये एसटीचा स्टँड. गाडी यापुढे जात नाही. मुंबईत विधानभवनात मांडलेल्या अर्थसंकल्पाचा प्रवासही अशाच एखाद्या शेवटच्या थांब्यावर संपतो, आणि तो वाचायचा तर तिथूनच उलटा वाचायला हवा. १० मार्च २०२५ रोजी तत्कालीन अर्थमंत्री अजित पवारांनी मांडलेला राज्याचा अर्थसंकल्प ७,००,०२० कोटी रुपयांचा होता. एवढ्या आकड्याने डोळे दिपतात, पण गावातल्या शाळेला, अंगणवाडीला, मासळी विकणाऱ्या बाईला आणि किल्ल्याच्या तटाला त्यातून काय मिळते, ते समजत नाही.

पैसा गावात दोन वाटांनी येतो. एक वाट थेट माणसापर्यंत जाते. दुसरी संस्थेपर्यंत जाते, म्हणजे शाळा, वसतिगृह, अंगणवाडी, स्मारक. गेल्या काही वर्षांत पहिली वाट रुंद झाली. दुसरीवरून मात्र पैसा टप्प्याटप्प्याने आणि उशिरा येतो.

पहिल्या वाटेचे सगळ्यात सरळ उदाहरण विजयदुर्गच्या आगारातच दिसते. १७ मार्च २०२३ पासून राज्यभरात महिलांना एसटीचे तिकीट अर्धे झाले. त्यासाठी अर्ज नाही, दाखला नाही, कचेरीत खेपा नाहीत. वाहक तिकीट फाडतो तेव्हाच सवलत मिळून जाते आणि तिची भरपाई सरकारने महामंडळाला करायची असते. म्हावऱ्याची पाटी घेऊन आतल्या गावांत जाणाऱ्या बाईला रोजचे जाण्या-येण्याचे भाडे अर्ध्यावर आले, की तिच्या धंद्याचे गणितच बदलते. कॉलेजात जाणाऱ्या मुलीचेही तसेच. सवलत देणारी योजना किती सोपी असू शकते, याचा हा नमुना आहे. पण त्या बाईला पाटी घेऊन चढता यावे अशी वेळेवर येणारी गाडी हवी, आणि ती गाडी दुसऱ्या वाटेच्या पैशातून येते.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या महिलांच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये. २०२५-२६ साठी या एका योजनेची तरतूद ३६,००० कोटींची, म्हणजे राज्याच्या रुपयातले पाच पैसे. राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांच्या सर्वसाधारण जिल्हा वार्षिक योजना एकत्र केल्या तरी त्यांची त्या वर्षीची तरतूद २०,१६५ कोटी होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की सरकारचा कल कळतो.

बाईच्या स्वतःच्या नावावर दर महिन्याला पैसे येणे ही लहान गोष्ट नाही. औषध, मुलाची वही, भिशीचा हप्ता यांसाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. योजनेचे हे मोल मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारायला हवा: हा पैसा कुठून काढला?

मे २०२५ मध्ये त्याचे उत्तर समोर आले. या योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी रुपये वळवण्यात आले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. योजनेच्या लाभार्थ्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या महिला आहेतच, असा सरकारचा युक्तिवाद. तो अपुरा आहे. या घटकांसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळा निधी राखण्याची पद्धत सुरू झाली ती सर्वांसाठीच्या योजनांत त्यांचा वाटा हरवतो म्हणून. २०२५-२६ मध्ये अनुसूचित जाती घटकासाठी २२,६५८ कोटी आणि आदिवासी घटकासाठी २१,४९५ कोटी ठेवले होते. वसतिगृह, शिष्यवृत्ती, वस्तीतला रस्ता, पाणी, समाजमंदिर ही कामे या पैशातून व्हायची. सर्वांसाठीच्या योजनेचा खर्चच त्यात दाखवला तर निधी वेगळा राखण्याला अर्थ उरत नाही.

शिक्षणाकडे वळले की दोन्ही वाटांमधला फरक आणखी ठळक होतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. विजयदुर्गच्या मुलीला मात्र फीच्या आधी खोली शोधावी लागते, कारण अभियांत्रिकी असो की औषधनिर्माणशास्त्र, घर सोडणे आलेच. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांपैकी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना ‘स्वाधार’ आणि इतर मागास, भटक्या-विमुक्तांना सावित्रीबाई फुले ‘आधार’ योजनेतून शहरानुसार वर्षाला साठ हजारांपर्यंत रक्कम मिळते. चांगली योजना आहे. पण घरमालक भाडे पहिल्या महिन्यापासून घेतो, त्यामुळे रक्कम सत्राच्या सुरुवातीलाच हातात पडायला हवी.

गावातल्या शाळेची अडचण निराळी. सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ वर आली. माणसे चाकरमानी होऊन मुंबईला गेली आणि वाड्यावाड्यांवरच्या शाळांत पट घसरला. शिक्षकांची पदे ठरतात संचमान्यतेने, आणि ती होते पटावर. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने हे निकष अधिक कडक केले. पट कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून पालक मूल दुसरीकडे घालतात, की पट आणखी खाली. कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार शिक्षण विभागाने २०२३ मध्ये मांडला, पानशेत आणि तोरणमाळच्या अशा शाळांची उदाहरणे देऊन. कोकणात चढउतार, खाड्या आणि चार महिने कोसळणारा पाऊस आहे. पहिलीतल्या मुलीला इथे दोन किलोमीटर म्हणजे सपाटीवरचे दोन किलोमीटर नव्हेत. पटाच्या निकषात हे भूगोलाचे वजन धरले पाहिजे.

त्याच शाळेत दुपारची खिचडी शिजवणाऱ्या बाईचे मानधन २०२३ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये झाले. महिलांसाठीच्या तरतुदींची चर्चा होते तेव्हा हिचे, अंगणवाडी मदतनिसाचे आणि आशाताईचे काम त्या यादीत वरच्या बाजूला यायला हवे.

संस्कृतीचा खर्च विजयदुर्गात डोळ्यांसमोर उभा आहे. शिलाहार राजा दुसऱ्या भोजाने बांधलेला, शिवाजी महाराजांनी जिंकून घेतलेला आणि आंग्र्यांच्या आरमाराचा तळ असलेला हा किल्ला ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारसा यादीत गेला, ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून निवडलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. गावाला अभिमान वाटला, वाटायलाच हवा. पण यादीत नाव आले म्हणून युनेस्को दरवर्षी पैसे पाठवत नाही. विजयदुर्ग केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे आणि डागडुजीचा खर्च तिथूनच येतो. २०२० च्या ऑगस्टमध्ये, भर पावसात, त्याच्या तटबंदीचा काही भाग ढासळला होता. लाटा पायाशी आपटत असलेल्या जलदुर्गाला एकदाच मोठा निधी देऊन भागत नाही. दर पावसाळ्याआधी झुडपे काढणे, सांधे भरणे, पाण्याच्या वाटा मोकळ्या करणे, एवढेच नेमाने करावे लागते. याच जिल्ह्यात मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. पुढे तिथे नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला. नव्या उभारणीसाठी पैसा लवकर मिळतो. जुन्या चिऱ्यांच्या देखभालीला तो वेळेवर मिळाला पाहिजे.

वारशाचा भार गावही उचलते. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. किल्ल्याला खेटून राहणाऱ्यांना घराची दुरुस्ती करायची तरी कागदपत्रे लागतात. वारशाच्या नियोजनात त्यांच्यासाठी सोपी परवानगी आणि पर्यटनातला वाटा दोन्ही असायला हवे.

दशावतारी नाटकांतल्या कलावंतांचाही विचार संस्कृतीच्या याच खर्चात येतो. वृद्ध साहित्यिक-कलावंतांचे मानधन २०२४ मध्ये सरसकट महिना ५,००० रुपये झाले. रात्रभर उभा राहून राजा वठवलेल्या कलावंताला म्हातारपणी हा आधार मोठा आहे, पण जिल्ह्याला वर्षाला शंभर जणांची मर्यादा दशावताराच्या मुलुखात तोकडी पडते.

दुसऱ्या वाटेचा पैसा नीट वापरला तर काय होते, ते वेंगुर्ल्यात दिसते. मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या महिला स्वतः वल्ही मारत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. राज्याच्या २०१७ च्या कांदळवन संवर्धन व उपजीविका योजनेत गटांच्या प्रकल्पाला ९० टक्के अनुदान मिळते. खेकडापालन, कालवपालनही त्यात येते. वाघोटन खाडीलाही कांदळवन आहे, आणि खाडीची नस ओळखणाऱ्या बायकाही आहेत.

हे सगळे ठरते कुठे? जिल्ह्याच्या पातळीवर जिल्हा नियोजन समितीत. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. जिल्हा वार्षिक योजनेतला तीन टक्के निधी महिला व बालविकासासाठी आणि तीन टक्के गडकिल्ले, मंदिरे, स्मारकांच्या जतनासाठी राखायचा असतो. गावाच्या पातळीवर हक्क आणखी स्पष्ट आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. समजा, घरपट्टी-पाणीपट्टी मिळून वर्षाला पाच लाख जमले, तर पंच्याहत्तर हजार, पन्नास हजार आणि पंचवीस हजार असे ते भाग पडतात. अंगणवाडीची गळती थांबवायला किंवा जेटीवर मासळी विकणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृह दुरुस्त करायला एवढी रक्कम उपयोगी पडते.

घराच्या उताऱ्यासाठी नमुना ८ सगळ्यांना ठाऊक असतो. ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक असते नमुना १ मध्ये, आणि ते मागणारे फार थोडे. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणे बंधनकारक आहे. त्या सभेत नमुना १ वाचून दाखवायला सांगितले, दहा टक्क्यांची रक्कम किती आणि गेल्या वर्षी ती कशावर गेली हे विचारले आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घेतले, तर पुढच्या ग्रामसभेत तेच पान उघडून पुन्हा विचारता येते.