खांदे टेकले की नाही?

अटीतटीच्या अंतिम सामन्याचा निकाल जाहीर झाला की खेळ संपतो, वाद मात्र तेथूनच सुरू होतो. परभणी, हिंगोली आणि नांदेड या लगतच्या जिल्ह्यांत असा वाद फुटबॉलपेक्षा कुस्तीवर अधिक रंगतो आणि वादाचा विषय बहुधा गोल नसून गादीला टेकलेला किंवा न टेकलेला खांदा असतो. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या शेवटच्या दिवसाने या भागातील कुस्तीशौकिनांना असा विषय पुरविला. गादी विभागात हरलेला शिवराज राक्षे नांदेड जिल्ह्याकडून उतरला होता, तर माती विभागाच्या अंतिम लढतीत परभणीचा साकेत यादव खेळला होता. त्यामुळे दूरच्या मैदानातील ही लढत येथे घरची ठरली.

या वादाचे स्वरूप कळण्यासाठी जत्रेतील कुस्ती आणि गादीवरील कुस्ती यांतील भेद आधी पाहावा लागतो. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा मराठवाड्यातील इतर जत्रांत जी दंगल भरते, तीत कुस्ती निकाली व्हावी अशी अपेक्षा असते. प्रतिस्पर्ध्याला पाठीवर पाडून त्याचे दोन्ही खांदे मातीला लावणे, म्हणजेच त्याला चितपट करणे, हीच निकालाची खूण मानली जाते. हलगीच्या कडकडाटात हातसलामी झडते, आखाड्याभोवती चहूबाजूंनी माणसे बसलेली असतात, आणि मल्ल चीत झाला की पंचाने हात वर करण्यापूर्वीच अर्धे मैदान उठून उभे राहते. कुस्ती लांबली आणि कोणीच चीत होईना, तर ती बरोबरीत सोडवली जाते व इनाम वाटून दिले जाते. या पद्धतीत पंच असतोच, परंतु निकालाचा खरा साक्षीदार जमलेला समुदाय असतो, कारण पंच जे पाहतो तेच सर्वांना दिसते. पाठीला लागलेली माती हा तर असा पुरावा आहे की ज्याच्यापुढे वाद फार काळ टिकत नाही.

गादीवरील कुस्ती, म्हणजे फोमच्या मॅटवर आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळली जाणारी फ्रीस्टाईल कुस्ती, वेगळ्या तत्त्वावर उभी आहे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि प्रत्येक कृतीला ठरलेले गुण मिळतात. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन त्याच्यावर ताबा मिळविल्यास दोन गुण, उभ्या स्थितीतून थेट पाठीवर धोकादायक अवस्थेत टाकल्यास चार, मर्यादेच्या वर्तुळाबाहेर ढकलल्यास एक, आणि मल्ल आक्रमण टाळत राहिल्याने त्याला दिलेल्या तीस सेकंदांत कोणीही गुण न घेतल्यास त्याच्या प्रतिस्पर्ध्याला एक, अशी ही मोजणी चालते. गुण सारखे झाले तर मोठ्या डावाचे गुण कोणाचे, ताकीद कोणाला कमी, आणि तेही समान असल्यास शेवटचा गुण कोणी घेतला, या क्रमाने विजेता ठरतो. एक-एक अशा बरोबरीत शेवटच्या गुणाला जे महत्त्व येते, ते म्हणूनच पुष्कळदा प्रेक्षकांच्या भावनेतून नव्हे, तर नियमातूनच आलेले असते.

चितपट या पद्धतीतही आहे आणि ती झाली की गुणफलकाला अर्थ उरत नाही. मात्र येथे दोन्ही खांद्यांची पाती एकाच वेळी गादीला टेकलेली असावी लागतात, आणि पंचाला पूर्ण ताबा दिसेल इतका वेळ ती तशी राहावी लागतात. आखाड्यातील पंचाला ती दिसल्यानंतर बाजूच्या पंचाने किंवा मॅट चेअरमनने, म्हणजे त्या गादीवरील निर्णयांची अंतिम जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याने, तिला दुजोरा द्यावा लागतो. दोन पाती, एकच क्षण आणि पुरेसा वेळ या तीन अटींपैकी एकीबाबत जरी मतभेद झाला, तरी संपूर्ण लढत त्या मतभेदावर येऊन उभी राहते.

अहिल्यानगरला नेमके हेच घडले. १९६१ साली औरंगाबादला सुरू झालेल्या या स्पर्धेत गादी आणि माती असे दोन विभाग स्वतंत्र खेळविले जातात व त्यांचे विजेते चांदीच्या गदेसाठी एकमेकांशी लढतात. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पुण्याच्या पृथ्वीराज मोहोळने राक्षेला खाली घेतले आणि पंचांनी चितपट दिली. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे राक्षेचे म्हणणे होते आणि चित्रण पाहून निर्णय द्यावा अशी त्याची मागणी होती. ती मान्य झाली नाही, तेव्हा त्याने पंचाची कॉलर धरली व त्याला लाथ मारली. त्याच दिवशी किताबाच्या लढतीत मोहोळ दोन-एक असा पुढे असताना, माती विभागाचा विजेता सोलापूरचा महेंद्र गायकवाड एका गुणावरून पंचांशी वाद घालत अखेरची काही सेकंदे शिल्लक असतानाच मैदान सोडून गेला आणि मोहोळ महाराष्ट्र केसरी ठरला. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघाने राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर केली.

पुढचे अनेक दिवस शौकिनांच्या मोबाईलवर त्या काही सेकंदांच्या चित्रफिती फिरत राहिल्या, परंतु वाद मिटण्याऐवजी वाढला, आणि त्याचे कारण कुस्तीच्या रचनेतच आहे. खाली गेलेल्या मल्लावर दुसरा मल्ल आडवा पडलेला असतो, त्यामुळे एका बाजूच्या कॅमेऱ्याला एकच खांदा दिसतो आणि दुसरा वरच्या मल्लाच्या छातीखाली झाकला जातो. समोरच्या बाजूने घेतलेले चित्रण नेमके उलटे दाखवते. दोन वेगवेगळ्या चित्रफिती पाहिलेले दोन जाणकार दोन वेगळ्या निष्कर्षांवर येतात आणि दोघांचेही डोळे शाबूत असतात. गादीवर पोट लावून, खांद्याच्या पातळीला डोळे आणून पाहणाऱ्या पंचाला ही फट सर्वांत जवळून दिसते, हे खरे. पण तो एका वेळी एकाच बाजूला असू शकतो, हेही तितकेच खरे. पंचावर हात टाकणे कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही, परंतु चित्रण पाहण्याची मागणी त्या कृत्यामुळे गैरवाजवी ठरत नाही. शौकिनांच्या चर्चेत या दोन गोष्टींची सतत गल्लत होत राहिली आणि राक्षेची बाजू घेणाऱ्यांचे सर्वाधिक नुकसान राक्षेच्याच लाथेने केले.

हा काही पहिलाच प्रसंग नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये झालेल्या स्पर्धेत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या माती विभागातील लढतीत बाहेरील टांग या डावाला दिलेल्या चार गुणांवरून असाच गदारोळ उठला होता. प्रतिस्पर्ध्याच्या पायाला बाहेरून आपला पाय अडकवून त्याला मागे पाडण्याच्या या डावात त्याची पाठ किती कोनात वळली, यावर दोन गुण की चार हे ठरते. तेव्हा गुण लाभलेला गायकवाड दोन वर्षांनी गुण नाकारला म्हणून मैदान सोडून गेला. एकाच मल्लाच्या वाट्याला वादाच्या दोन्ही बाजू याव्यात, हे पक्षपाताचा आरोप सरसकट करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे असे आहे.

कुस्तीकडून फुटबॉलकडे जाण्याची वाट महाराष्ट्रात कोल्हापुरातून जाते. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ ही तेथील फुटबॉल संघांची नावेच सांगतात की, कुस्तीच्या तालमींभोवती वाढलेल्या पेठांच्या निष्ठा शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या रूपाने उतरल्या आहेत. वाद घालण्याची रीतही दोन्हीकडे सारखी आहे, कारण फुटबॉलमध्येही गुण अत्यंत थोडे असतात. दीडशे धावांनी जिंकलेल्या क्रिकेट सामन्यात एक चुकीचा निर्णय पचून जातो, परंतु दोन-एक अशा फुटबॉल सामन्यात तो पचत नाही.

३० जुलै १९६६ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी यांच्यातील विश्वचषकाचा अंतिम सामना दोन-दोन असताना, जादा वेळेत इंग्लंडच्या जेफ हर्स्टने मारलेला चेंडू गोलच्या आडव्या दांड्याला लागून खाली आपटला आणि मैदानात परत आला. चेंडू संपूर्णपणे रेषेपलीकडे गेला तरच गोल, असा नियम आहे. स्विस पंच गॉटफ्रीड डीन्स्ट यांनी सोव्हिएत संघातील अझरबैजानचे रेषापंच तोफिक बाहरामोव यांना विचारून गोल दिला आणि इंग्लंडने सामना चार-दोन असा जिंकला. तो चेंडू पूर्ण आत गेला होता की नाही, हा वाद साठ वर्षांनंतरही चालू आहे. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्याच फ्रँक लॅम्पार्डचा रेषेच्या बराच आत पडलेला चेंडू पंचांना दिसला नाही. त्यानंतर २०१२ मध्ये गोलरेषा तंत्राला मान्यता मिळाली आणि २०१४ च्या विश्वचषकात ते वापरले गेले. या विशिष्ट प्रश्नापुरता वाद तेथे खरोखर संपला, कारण चेंडू रेषेपलीकडे गेला का, हा मोजमापाचा प्रश्न आहे.

जे मोजता येत नाही त्याचे काय, हे २०१८ च्या अंतिम सामन्याने दाखविले. त्या स्पर्धेत प्रथमच व्हीएआर, म्हणजे पडद्यावर चित्रण पाहून मुख्य पंचाला सल्ला देणारा सहायक पंच, आला होता. फ्रान्स आणि क्रोएशिया एक-एक असताना चेंडू क्रोएशियाच्या पेरिशिचच्या हाताला लागला, पंच नेस्टर पिताना यांनी मैदानाकडेच्या पडद्यावर ते दृश्य पुनःपुन्हा पाहिले आणि फ्रान्सला पेनल्टी दिली. चेंडू हाताला लागला हे साऱ्या जगाने पाहिले. तो अपराध होता का, हे पडदा सांगू शकत नव्हता. फ्रान्सचा पहिला गोल ज्या फ्री किकवरून झाला, ती ग्रीझमानच्या पडण्याला मिळाली होती आणि क्रोएशियाच्या चाहत्यांचा राग तिच्यावर अधिक होता, परंतु साध्या फ्री किकचा निर्णय व्हीएआरच्या कक्षेतच येत नाही. फ्रान्सने तो सामना चार-दोन जिंकला. तंत्र जेथपर्यंत पोहोचते त्याच्या एक पाऊल पुढे वाद जाऊन बसतो, असे येथे दिसते.

चाहते निर्णायक क्षण निवडतात तो निकाल लागल्यानंतर, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही. १८ डिसेंबर २०२२ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात मेस्सीने अर्जेंटिनाला तीन-दोन आघाडी देणारा गोल केला तेव्हा अर्जेंटिनाचे राखीव खेळाडू मैदानात शिरले होते, म्हणून तो रद्द व्हावा असे फ्रेंच बाजूने म्हटले गेले. पोलंडचे पंच शिमोन मार्चिनियाक यांनी पत्रकारांना मोबाईलवरील चित्र दाखवून, एम्बापेच्या एका गोलाच्या वेळी फ्रान्सचेही राखीव खेळाडू आत होते, हे निदर्शनास आणले. तीन-तीन अशा बरोबरीनंतर अर्जेंटिनाने पेनल्टी किकवर चार-दोन असा विजय मिळविला. फ्रान्स जिंकला असता, तर हेच चित्र घेऊन वाद घालण्याची पाळी अर्जेंटिनाच्या चाहत्यांवर आली असती.

कुस्तीसाठी या साऱ्यातून निघणारा मुद्दा व्यवहाराचा आहे. जत्रेच्या आखाड्यात पंच आणि प्रेक्षक एकच दृश्य पाहत होते. गादीवर नियम बदलले, निकाल पंचाच्या शिट्टीत गेला, आणि प्रेक्षकाला मात्र कोणी काही समजावून सांगितले नाही. चार गुण का दिले, चितपटीला दुजोरा कोणी दिला, चित्रण का पाहिले नाही, हे हजारोंच्या समुदायाला ध्वनिक्षेपकावरून कळत नाही, तोवर तो आपापल्या मोबाईलवरील चित्रफितीवर विसंबणारच. २०२३ च्या महिला विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत व्हीएआरचा निर्णय पंच स्वतः ध्वनिक्षेपकावरून मैदानाला सांगू लागले. महाराष्ट्र केसरीच्या आयोजकांनी दोन विरुद्ध बाजूंनी कॅमेरे लावावेत, चितपटीचे चित्रण मैदानातील मोठ्या पडद्यावर दाखवावे आणि निर्णयाचे कारण मराठीत जाहीर करावे. चांदीच्या गदेसाठी एवढा मोठा मांडव घालणाऱ्यांना हा खर्च जड नाही.